उद्यापन नसलेलं व्रत

यंदा कापूस उशिरा फुटला. मेहकरहून जानेफळकडे येताना रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांवर कापसाचे पुंजके दिसतात. एरवी दिवाळी सरता सरता ते दिसू लागतात, यंदा मार्गशीर्ष उजाडला. भरलेली गाडी झाडाला घासून जाते आणि चिमूटभर कापूस तिथं राहतो. तो काढून न्यायला कोणी थांबत नाही. दिवसभर तो वाऱ्यावर हलत राहतो, पण काट्यावरून सुटत नाही.

हे पुंजके दिसले की पायांना स्वस्थता राहत नाही. बसलेला माणूस उठतो, खोलीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत जातो, परत येतो. घरातले विचारतात, काय हवंय? काही नको असतं. ही येरझार मुळात माझी नाही. माझे थोरले काका आबासाहेब यांनी ती एका वेचणीच्या हंगामात सुरू केली. त्या हंगामात त्यांच्या घरात कोणालाच दुपारची झोप मिळाली नाही.

तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं. हुकूम नागपुराहून येत आणि कापूस खामगावच्या बाजाराला जाई. अकोल्याच्या ज्या साप्ताहिकात मी बातम्या लिहीत होतो ते बंद पडलं होतं. दुसरीकडून बोलावणं येईपर्यंत मी जानेफळला काकांच्या घरी होतो. त्यामुळं जे घडलं ते बहुतेक डोळ्यांसमोर घडलं. उरलेलं त्याच दिवशी दोघातिघांच्या तोंडून ऐकलं.

आबासाहेब फार जाड होते. गावात हा शब्द कोणी वापरत नसे. ‘भरले माणूस’ म्हणत, आणि ते म्हणताना आवाजात आदर असे. त्यांची दमणी, म्हणजे बसून जायची हलकी बैलगाडी, एका अंगाला कलत असे. घरचा सालदार तुळशीराम समतोलासाठी दुसऱ्या अंगाला सरकीचं पोतं ठेवी. मालक एकीकडे आणि सरकीचं पोतं दुसरीकडे, अशी ती गाडी रस्त्यानं जाताना दिसली की लोक बाजूला होऊन रामराम घालत. त्यात हसण्यासारखं काही आहे असं तेव्हा कोणाला वाटलं नाही.

आमच्याकडे हंगामाची पहिली गाडी भरताना घरच्या कर्त्यानं तिच्यात उभं राहून कापूस तुडवायचा असतो. कापूस फुगतो. दाबला नाही तर गाडीत मावत नाही. म्हणून एरवी पोरं नि गडी नाचून नाचून तो बसवतात, पण पहिल्या गाडीचा मान कर्त्याचा. आबासाहेबांच्या वजनाचा इथं उपयोगही होता. “आमचे मालक चढले की कापूस बोलत नाही,” असं तुळशीराम दुसऱ्या गावच्या गड्यांना सांगे.

त्या वर्षी कार्तिकात नारळ फुटला आणि आबासाहेब चौघांच्या आधारानं गाडीत चढले. गाडीच्या दोन्ही बाजूंना उंच तट्टे बांधलेले होते आणि कापूस काठोकाठ होता. त्यांनी दोन फेऱ्या घातल्या. मग ते थांबले, धोतराचा सोगा तोंडाला लावला आणि खाली बसले. बसले ते आत गेले. कापूस चहूबाजूंनी वर आला आणि त्यांच्या डोक्यावर मिटला. वर फक्त एक हात राहिला.

“मालक, मजाक करून राह्यले का?” तुळशीराम खालून ओरडला.

हात हलत होता. आवाज नव्हता. बायकांत कोणीतरी हसलं.

“काऊन हसता वो?” तुळशीराम ओरडला आणि त्यानं तट्ट्याचा दोर कापला.

कापूस अंगणात सांडला आणि त्याबरोबर आबासाहेब. चेहरा जांभळा पडला होता. मिशीत, नाकात, तोंडात कापूस होता. बऱ्याच वेळानं त्यांना बोलता आलं. ते म्हणाले, “उठाले जोर लावला, पन खाली काही लागतच नव्हतं. नुसतं पांढरं.” त्या दिवशी गाडी पुढं भरली नाही. काकूंनी दृष्ट काढली. दुसऱ्या सकाळी दमणी मेहकरच्या दवाखान्याकडे निघाली. सरकीचं पोतं त्यांच्या समोर होतं.

दवाखान्यात पुण्याकडून बदलून आलेले एक डॉक्टर होते. त्यांनी आबासाहेबांच्या घोट्यावर बोट दाबलं आणि उचललं. खड्डा तसाच राहिला. मग लघवी केलेल्या जागी जमिनीवर मुंग्या लागतात का, ते विचारलं.

“हाव, लागतात,” आबासाहेब म्हणाले. “मी म्हटलं, वारूळ असन जवळ.”

डॉक्टर हसले नाहीत. पायांच्या सुजेसाठी बाटली देतो म्हणाले, पण वजनासाठी त्यांच्याकडे बाटली नव्हती. त्यांनी जे सांगितलं ते साधं होतं. सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी चालायचं, आधी अंगणापुरतं, मग शेतापर्यंत. दुपारी जेवून निजायचं नाही. तूप-गूळ नावापुरता. ताटात ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी जास्त. रात्रीचं जेवण दिवे लागायच्या आत. उपास मात्र करायचे नाहीत, कारण उपासानंतरचं जेवण उपासाच्या आधीच्या जेवणापेक्षा मोठं असतं.

“पथ्य किती दिवस?” आबासाहेबांनी विचारलं.

“नेहमीचं.”

“ते समजलं. पन किती दिवस?”

“आबासाहेब, तुम्ही जेवण किती दिवस करणार आहात? तितके दिवस.”

परतीच्या वाटेवर गाव दिसायला लागल्यावर आबासाहेबांनी दमणी थांबवली, उतरले आणि चालू लागले. पुढच्या बाभळीपर्यंत गेले. तिथं तिला हात टेकून उभे राहिले आणि पुन्हा गाडीत बसले. पहिल्या दिवशी एवढंच झालं.

त्या काळच्या वर्तमानपत्रांत औषधांच्या जाहिराती पुष्कळ असत. सगळ्या अंगावर मांस चढवण्याच्या. एका बाजूला बरगड्या दिसणारा माणूस, दुसऱ्या बाजूला तोच माणूस महिन्यानंतर, गाल वर आलेले. मांस उतरवण्याचं औषध कोणी विकत नसे, कारण ते विकत घेणारा कोणी नव्हता. आता त्याच जागी उलट जाहिराती येतात. जाडा माणूस डावीकडे असतो, बारीक उजवीकडे. मधला ‘महिन्यानंतर’ तेवढा बदललेला नाही. आबासाहेबांच्या घरात मी जे पाहिलं त्यात असा महिना कुठं नव्हता. दिवस होते, आणि प्रत्येक दिवसात एक दुपार होती.

दुपार सगळ्यात वाईट. वेचणीच्या दिवसांत घरातली अर्धी माणसं शेतावर असत आणि घर शांत पडे. स्वयंपाकघरातून लोणी कढवल्याचा वास येई. कुणी शेंगा भाजत असे. ताटावरून उठलेले आबासाहेब सवयीनं बाजेकडे जात, तिच्या काठावर हात ठेवत आणि तिथूनच वळत. मग ओसरीवर त्यांच्या वहाणांचा आवाज सुरू होई. या टोकापासून त्या टोकापर्यंत. स्वयंपाकघराच्या दाराशी तो थांबे. आत काकूंचा हातही थांबे. मग आवाज पुन्हा दूर जाई. त्या येरझारेत ते सगळ्यांवर करवादत. बैलाला पाणी पाजलं का, दोर कुठं गेला, भिंतीला पोपडे आले ते कोणाला दिसत नाहीत का. पोपडे मागच्या तीन पावसाळ्यांपासून होते. भूक माणसाला काय काय दाखवते, ते त्या महिन्यात त्यांच्या घरानं पाहिलं.

घरापेक्षाही गाव अवघड होतं. वऱ्हाडात माणसाला उपाशी राहता येतं, पण कमी जेवता येत नाही. कमी जेवलं तर वाढणाऱ्याला लागतं. आबासाहेब कुठंही गेले तरी समोर ताट येई आणि ताटावर तुपाची वाटी कलंडे. “मालक, आमच्या घरचं गोड लागून नाही राह्यलं का?” असं घरचे विचारत. डॉक्टरनं सांगितलं म्हणावं तर लोक म्हणत, डॉक्टर परका, त्याले काय कळते. अशाच एका ओट्यावर आग्रह अगदीच गळ्याशी आला तेव्हा आबासाहेब म्हणाले, “नका वाढू. व्रत हाये.”

वाढणारा हात जागीच थांबला. वाटी मागं गेली. त्या घरच्या म्हातारीनं त्यांना हात जोडले.

ही युक्ती त्यांना फार आवडली. पुढं पंधरवडाभर ते जिथं जात तिथं व्रत सांगत आणि सुखानं अर्धी भाकरी खात. चूक कळायला तेवढा वेळ लागला. आमच्या भागात व्रत म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, कोणत्या देवाचं? आणि त्याच्या पुढचा, उद्यापन कधी? धरलेलं व्रत सोडताना गावजेवण घालायचं असतं. आबासाहेबांसारख्या देशमुखाच्या घरचं उद्यापन म्हणजे रोडगे होणार हे लोकांनी परस्पर ठरवून टाकलं. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, फोडायचे आणि तुपात बुडवायचे. सोबत वरण आणि वांग्याची भाजी. विहिरीवर, वेचणीच्या रांगांत, पारावर तीच चर्चा. गावाच्या तोंडाला पाणी सुटलं आणि त्याला कारण आबासाहेबांचं पथ्य.

गावचे जोशीबुवा पंचांग घेऊन आले. मार्गशीर्षातली पौर्णिमा चांगली आहे म्हणाले.

“पन मी व्रत धरलंच नाही,” आबासाहेब म्हणाले.

“आबासाहेब, धरलं तुम्हीच सांगितलं. गावभर. आता सोडायलाच हवं.”

काकूंना मात्र हे सगळं देवानंच जुळवून आणल्यासारखं वाटलं. त्याचं कारण यमू होती, त्यांची मुलगी. यमूच्या सोयरिकीचं बोलणं साखरखेर्ड्याच्या बापूसाहेबांकडे चाललं होतं. घर मोठं, मुलगा मॅट्रिक झालेला. बोलणं पुढं सरकलं असतानाच बैलबाजाराहून आलेल्या एकानं निरोप आणला. “बापूसाहेब इचारून राह्यले होते. म्हणे, आबासाहेब लय उतरले. खोकला येते काय त्याहीले?”

त्या प्रश्नाचा अर्थ घरातल्या सगळ्यांना कळला. उतरलेला माणूस म्हणजे क्षयाचा माणूस. आणि क्षयाच्या घरची मुलगी कोणी करत नसे.

उतार खरोखर दिसू लागला होता. दमणीतलं सरकीचं पोतं तुळशीरामनं दोनदा थोडं रिकामं केलं होतं. बंडी खांद्यावरून घसरत होती. घोट्यावर बोट दाबलं तर खड्डा पडत नव्हता. हे आबासाहेब रोज सकाळी स्वतः दाबून पाहत. शेतापर्यंत जाऊन येताना एकदाच थांबावं लागे. ज्या गोष्टीनं त्यांचा श्वास मोकळा होत होता तीच साखरखेर्ड्यापर्यंत रोग होऊन पोचली होती.

“सोयरे येऊन जाऊ द्या,” काकू म्हणाल्या. “पुनवेले उद्यापन करू, त्याहीले त्याच दिवशी बलावू. त्याहीच्या डोळ्यासमोर पोटभर जेवा. मंग राहाचं तसं राहा उपाशी.”

“उपाशी कोण हाये? मी जेवून राह्यलो दोन्ही टाइम.”

“त्याले जेवण म्हंतात? यमीच्या बाहुलीले पुरत नाही तेवढं.”

“एक दिवस खाल्लं तं काय होते, असंच ना?”

“हाव. काय होते?”

आबासाहेब उठून ओसरीवर गेले. काय होतं ते त्यांना ठाऊक होतं. पुढं शेताकडे चालताना त्यांनी ते मला सांगितलं. दर आषाढात ते चातुर्मासासाठी काही ना काही सोडत. एका वर्षी गूळ, एका वर्षी तूप, एका वर्षी रात्रीचं जेवण. आणि दर कार्तिकात ते सोडलेलं समारंभानं परत धरत. त्या एका पंगतीनंतर चार महिन्यांचं काही उरत नसे. “मले सोडाची लय सवय हाये,” ते म्हणाले. “सोडून देल्यावर तसंच राहाची नाही. पुनवेले मी जेवलो, का मी परत त्या कापसात.”

त्यांच्यापुरतं ते इतकं उघड होतं. पंगतीत जेवावं तर स्वतः गेले, न जेवावं तर मुलीचं लग्न गेलं. पौर्णिमेपर्यंत वहाणांचा आवाज सकाळीही येऊ लागला.

यमूला कोणी काही विचारलं नव्हतं. ती अंगणात कापसातला कचरा निवडत होती, मान वर न करता म्हणाली, “आई, ते मले पाहाले येऊन राह्यले का बाबाले?”

“चूप बस वो.”

“नाही, बाबाले पाहाले येत असन तं मी शेतात जाते.”

ओसरीवरचा आवाज थांबला आणि बऱ्याच दिवसांनी आबासाहेब मोठ्यानं हसले.

पौर्णिमेला पहाटेपासून गोवऱ्यांचा धूर गावावर होता. बापूसाहेब दोन नातेवाइकांना घेऊन आले. ते स्वतः आबासाहेबांच्या जुन्या मापाचे होते. त्यांची दमणीही एका अंगाला कलत होती. उतरताच त्यांनी आबासाहेबांना डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. नजर गालांवर थोडी थांबली. चहा झाला. इकडचं तिकडचं बोलणं झालं. आबासाहेब एकदा ठसक्यानं खोकले आणि ओसरीवरचे सगळे गप्प झाले.

“चला, पराटी पाहून येऊ,” आबासाहेब उठले. पराटी म्हणजे कपाशी.

“जोडा दमणी,” बापूसाहेब म्हणाले.

“दमणी कायले? वावर हे काय, नाल्यापलीकडे.”

पाहुण्याला नाही म्हणता येईना. आम्ही तिघं निघालो, नातेवाईक ओसरीवर राहिले. गावाबाहेरच्या सपाटीवर बापूसाहेब बोलत होते. पाऊस, बोंडं, खामगावचा बाजार. नाल्याच्या उताराला बोलणं तुटक झालं. पलीकडचा चढ लागला तेव्हा एकटे आबासाहेबच बोलत होते. चढावर त्यांनी मागं वळून पाहिलं. बापूसाहेब बांधावर बसले होते, फेटा काढून मांडीवर ठेवलेला, तोंड उघडं. आबासाहेब परत खाली आले आणि शेजारी बसले.

थोड्या वेळानं बापूसाहेबांना शब्द सापडले. “आबासाहेब, सोयरीक होवो ना होवो. खरं सांगा. रक्त पडते काय?”

“नाही.”

“मंग हे काय?”

आबासाहेबांनी कापसाची गोष्ट सांगितली. हात कसा वर राहिला, पायाखाली कसं काही लागत नव्हतं. दवाखाना सांगितला, मुंग्या सांगितल्या. व्रत खोटं होतं तेही सांगितलं. बापूसाहेब ऐकत होते. मग त्यांनी स्वतःच्या घोट्यावर अंगठा दाबला आणि उचलून पाहिला. आम्ही दोघांनीही तो खड्डा पाहिला. बापूसाहेबांनी धोतर खाली सोडलं.

“उपाशी राहून राह्यले तुमी?”

“नाही. जेवतो. उठता येईन इतकं.”

पंगत अंगणात बसली. रोडगे फुटत होते, तूप बुधल्यातून ओघळत होतं, आणि वेचणाऱ्या बायकांपासून पाहुण्यांपर्यंत सगळ्यांचे चेहरे उजळले होते. आबासाहेबांच्या पानावर अर्धा रोडगा होता आणि त्यांनी तो कोरडाच ठेवला होता. काकू दाराच्या आडून पाहत होत्या. त्यांच्या हातातली तुपाची वाटी तशीच होती. बापूसाहेबांच्या शेजारचा नातेवाईक आबासाहेबांच्या पानाकडे बोट न दाखवता बोट दाखवावं तसं पाहत होता.

मग बापूसाहेब उठले. आमच्याकडे होणारा व्याही भर पंगतीत घास भरवतो. त्याचा अर्थ सोयरीक पक्की. त्यांनी रोडग्याचा तुकडा तुपात बुडवला, तूप मनगटावरून ठिबकत होतं, आणि आबासाहेबांच्या तोंडासमोर धरला. अंगण थांबलं. आबासाहेबांनी तो घास घेतला. डोळे मिटले आणि खूप वेळ चावला. महिन्याभरानंतरचं ते तूप त्यांना कसं लागलं असेल हे चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. दाराआड काकूंनी पदर डोळ्याला लावला.

लगेच दुसरा नातेवाईक घास घेऊन उठला. त्याच्या मागं गावचे दोघे उठले. आबासाहेबांनी आपल्या पानावर हात आडवा धरला.

“एकच. व्याह्याचा होता म्हणून.”

“आता कसलं एक!” ओट्यावरून जोशीबुवा म्हणाले. “उद्यापन झालं, आबासाहेब. मोकळे झालात तुम्ही.”

“नाही झालं,” आबासाहेब म्हणाले. “आज गावानं जेवावं. माह्यं उद्यापन माह्या तेराव्याले करा.”

भरल्या पंगतीत, सोयरे बसलेले असताना, पहिल्या घासावर कोणी असं बोलत नाही. काकूंच्या हातून वाटी पडली. जोशीबुवांनी कानाला हात लावला. सगळे बापूसाहेबांकडे पाहू लागले. ते अजून उभेच होते, तुपानं माखलेला हात पुढं.

“मंग ते जेवण आपल्याले लवकर भेटत नाही,” बापूसाहेब म्हणाले. “सकाळी याच्या मागं पळता पळता जीव गेला माह्या. हा माणूस काही इतक्यात मरत नाही.”

आधी बायकांची रांग हसली, मग सगळी पंगत. माजघरातून यमूचा आवाज वेगळा ऐकू आला.

लग्न वैशाखात झालं. त्यानंतरचं सगळं सरळ गेलं असं नाही. लग्नाच्या आठवड्यात आबासाहेब मुंडावळ्यांच्या घाईत चालणं विसरले, आणि त्या वर्षी आंबा फार आला. रसाच्या वाटीपुढं त्यांचा निश्चय टिकला नाही. ज्येष्ठात तुळशीरामनं दमणीत सरकीचं पोतं परत ठेवलं. आबासाहेबांनी ते पाहिलं, बैल सोडायला सांगितले आणि शेतावर पायी गेले. असं पुढंही झालं, एकदा आजारपणात, एकदा मोठ्या पावसात. दरवेळी पोतं परत आलं आणि दरवेळी पुन्हा रिकामं झालं. मेहकरचे डॉक्टर दोन वर्षांत बदलून गेले. विचारणारं कोणी उरलं नाही. चालणं मात्र राहिलं.

पुढच्या हंगामाच्या पहिल्या गाडीत ते कोणाच्या आधाराशिवाय चढले. बराच वेळ नाचले. कापूस होता तिथंच होता.

“मालक, बसून नाही राह्यला वो,” तुळशीराम खालून म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटत होतं.

“मंग ये वर. दोघं नाचू.”

दोघं नाचले. गाडी भरली.

काकूंनी हार मानली असं कधी दिसलं नाही. त्यांच्या लेखी नवऱ्याचं ताट हा कायमचा अपमान होता. पण भाकऱ्या हळूहळू लहान झाल्या, आधी त्यांच्या, मग सगळ्यांच्या. लोणी कढवायची वेळ दुपारवरून सकाळवर गेली. ओसरीवरचा कोनाडा, ज्यात कायम काहीतरी ठेवलेलं असे आणि येरझारेत आबासाहेबांचा खांदा त्याला लागे, तो एक दिवस रिकामा दिसला. त्या स्वतः मात्र कधी चालल्या नाहीत. “बाईमाणूस दिवसभर चालतच असते,” म्हणत. पुढं गडीमाणसं कमी झाली, पाणी दारात आलं, आणि त्या जड होत गेल्या. वहाणांचा आवाज सुरू झाला की त्या दाराशी येऊन बसत. पाहत काही नसत. आवाज थांबला की आत जात.

आबासाहेब पुष्कळ वर्षांनी गेले, म्हातारे होऊन, वेचणीच्याच दिवसांत. आदल्या दिवसापर्यंत नाल्यापर्यंत जाऊन येत होते. तेराव्याला रोडगे करायचे हे कोणाला ठरवावं लागलं नाही. गावातल्या म्हाताऱ्यांना ते वाक्य आठवत होतं. ते जेवण लवकर भेटत नाही असं जे म्हणाले होते ते बापूसाहेब मात्र पंगतीत नव्हते. ते त्याआधी कितीतरी वर्षं गेले होते. दमणीतून उतरताना, असं यमूनं सांगितलं.

जेवणं झाली. तुपानं जड झालेलं गाव ओसरीवर, अंगणात, झाडाखाली आडवं झालं. दुपारची ती वेळ आली. वर्षानुवर्षं त्या वेळी या घरात एक आवाज असे. तो नव्हता, आणि त्या आवाजावाचून झोपलेल्या माणसांचं घोरणं फार मोठं वाटत होतं. काकू दाराशी येऊन बसल्या. थोड्या वेळानं उठून उभ्या राहिल्या. पुन्हा बसल्या. आमच्या घरात नवरा गेलेली बाई वर्षभर उंबरा ओलांडत नसे. कोपऱ्यात बसायची. त्यांनी कोनाड्याखालच्या आबासाहेबांच्या वहाणा पाहिल्या, पायात सरकवल्या. वहाणा पायाला मोठ्या होत होत्या. मग भिंतीला हात धरून त्या पायऱ्या उतरल्या.

यमूला जाग आली. “आई, कुठं चालली वो? आज?”

काकू गावाबाहेरच्या त्या बाभळीच्या दिशेला वळल्या होत्या. मागं न पाहता म्हणाल्या, “चालाले.”